पोरीवाला फोटो

आधीच सांगते, हे प्रकरण मला थंड डोक्याने लिहिता येणार नाही. सून म्हणाली, "आई, जुनी गोष्ट आहे, जरा मऊ लिहा." मऊ कशाला लिहू? ज्या फोटोसाठी मी दिव्यांच्या धगीत उभी राहून घाम गाळला त्या फोटोचा भाव अर्धा, का तर तो पोरीने काढला! हे मला कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून पुरती उतरलेली नाही. माझं वय झालं, गुडघे गेले, दात गेले, पण तो राग आहे तिथे आहे. तेव्हा ज्यांना मऊ वाचायचं असेल त्यांनी पुढचं प्रकरण घ्यावं.

आमचा स्टुडिओ सिल्वासात, आमली भागात, रस्त्याच्या कडेलाच. पुढे दुकान, मध्ये पडदा, मागे एक खोली आणि त्या खोलीत आम्ही चौघं: आप्पा, माय, मी आणि माझ्याहून वर्षाने लहान प्रकाश. आप्पा शिरपूरकडचे. धुळ्याच्या एका स्टुडिओत हाताखाली राहून काम शिकले. इकडे कारखाने उभे राहायला लागले, खानदेशातली माणसं रोजगारासाठी येऊ लागली, तसे तेही बोचकं बांधून आले. गाव सोडून आलेल्याला फोटो लागतोच, हा त्यांचा हिशेब. कंपनीच्या गेटपासाला लागतो, गावी आईबापाला पाठवायला लागतो, आणि लग्नाचं वय झालं की स्थळाला दाखवायला लागतो. हिशेब बरोबर निघाला. सकाळच्या शिफ्टचा भोंगा झाला की राखोलीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसगाड्या आमच्या दारावरून हॉर्न वाजवत जायच्या, आणि शिफ्ट सुटली की त्याच गाड्यांतून उतरलेली माणसं रुमालाने तोंड पुसत आमच्या बाकावर येऊन बसायची. आप्पांनी पेंटरकडून एक पडदा रंगवून घेतला होता, त्यावर तळं आणि दोन राजहंस होते. हंस कसले, बदकंच होती ती, पण गावाकडे तो पडदा फार आवडायचा. खुंटीला एक काळा कोटही टांगलेला असे. अंगात घातला की गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे असं बघायचं की आप्पा दोनदा हाक मारायचे तेव्हा कुठे जागचं हलायचं.

न्हाणीघर म्हणजेच आमची डार्करूम. आप्पा आत असले की कोणी आंघोळीचं नाव काढायचं नाही, आणि कोणी आंघोळ करत असलं की आप्पा दाराबाहेर येरझाऱ्या घालत चिडचिड करायचे. घरभर हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधाचा, आंबूस वास. माय कळण्याची भाकरी थापायची, ठेचा कुटायची, आणि तिच्या बोटांना तोच वास. कारण फोटो धुण्याचं काम तिचं होतं. औषधातून निघालेले फोटो टबात टाकायचे, पाणी बदलायचं, हलवायचे, पुन्हा पाणी बदलायचं. त्यात आळस केला तर महिन्याभरात फोटो पिवळा पडतो आणि गिऱ्हाईक भांडायला येतं. मग ते ओले फोटो ती काचेवर पालथे दाबून चिकटवायची. आम्ही जेवायला बसलेलो असताना ते सुकायचे आणि टक्‌, टक्‌ करत एकेक सुटून खाली पडायचे. शेजारची गुजराती बेन ताटलीत खमण घेऊन आली की तो आवाज ऐकून विचारायची, "शुं वागे छे, बेन?" माय म्हणायची, "फोटो पडी राहिलेत, बसा." रविवारी शेवभाजी असायची. तो तिखट रस्सा, बाजूला काचेवरून सुटणारी अनोळखी माणसांची तोंडं, आणि आप्पांचं आठवड्याच्या गिऱ्हाइकांबद्दलचं बोलणं, हे सगळं अजून मला एकत्रच आठवतं.

मी कॅमेऱ्यापाशी गेले ती कोणी बोलावलं म्हणून नाही. आप्पांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला म्हणून. आमचा कॅमेरा दोन भिंगांचा, वरून वाकून काचेत बघायचा. त्या काचेत माणूस स्पष्ट झाला की मग बटण दाबायचं. आप्पांना ते स्पष्ट होणं दिसेनासं झालं. फोटो धूसर यायला लागले. ते कागदाला दोष द्यायचे, रोलला दोष द्यायचे, व्होल्टेजला दोष द्यायचे. ऑपरेशन करा म्हटलं की म्हणायचे, "डोळ्यात सुरी घालतात, माहीत आहे का तुला?" एके दिवशी राखोलीच्या एका कंपनीत पॅकिंगला असलेली एक बाई आली. ती डोक्यावरचा पदर काही सोडेना आणि पुरुष माणसाला पदराला हातही लावू देईना. आप्पा लांबून "जरा मागे घ्या, जरा मागे" करून थकले. मी शाळेतून आलेली, दप्तर टाकलं, तिचा पदर नीट केला, हनुवटी दोन बोटांनी वर केली, तिला विचारलं, "मावशी, पोरं किती?" ती पोरांचं सांगायला लागली आणि तिचं तोंड फुललं. मी काचेत बघितलं, जुळवलं, दाबलं. तो फोटो काचेवरून सुटून पडला तेव्हा मायने उचलून दिव्याखाली धरला. म्हणाली, "वं माय! बोलू राहिली ना ही!"

त्यानंतर बायका माझ्याकडेच यायला लागल्या. मग पुरुषही. शाळा सुटली की मी पडद्याआड, हे ठरूनच गेलं. दोन दिवे कसे लावले की गालाची खळगी भरते, चष्म्यावरची चमक जावी म्हणून मान किती झुकवायची, घाबरलेल्या माणसाला आधी खोटंच एक बटण दाबून दाखवायचं म्हणजे दुसऱ्या वेळी तो सैल बसतो, हे सगळं मी आपलं आपण शोधलं. निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग करायला आप्पांनी शिकवलं, ते मात्र कबूल. पैसे घ्यायला आप्पा बाहेर गल्ल्यावर. मला पैशांशी काय करायचंय, असं मला वाटायचं. मला वाटायचं, फोटो चांगले निघतात, बाक भरलेला असतो, झालं.

एके दिवशी दोन मजूर पोरं आली, बिहारकडची असावीत. मी पडद्याआड रोल भरत होते. एकाने आप्पांना विचारलं, "चाचा, लडकीवाला फोटो कितने का है?" आप्पा हळू आवाजात म्हणाले, "आधा." दुसरा म्हणाला, "हाँ, तो लडकीवाला ही निकालो, सस्तावाला." आधी समजेचना. लडकीवाला म्हणजे काय? मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे आता दोन प्रकारचे फोटो होते: आप्पांनी काढलेला, पूर्ण भावाचा, आणि मी काढलेला, अर्ध्या भावाचा. आणि ही गोष्ट सगळ्या आमलीला माहीत होती. खानदेशी माणसं "पोरीवाला" म्हणायची, गुजराती "पेलो छोकरीवाळो", हिंदीवाले "लडकीवाला". तीन भाषांत माझं नाव पडलं होतं आणि तिन्ही भाषांत त्याचा अर्थ स्वस्त.

मी त्या पोरांचे फोटो काढले. आणि चांगले काढले. ती गेल्यावर पडदा सारून बाहेर आले. "आप्पा, माझा भाव अर्धा कधीपासून?" आप्पा गल्ला पुसत म्हणाले, "अगं, तू शिकू राहिली ना अजून." मी म्हटलं, "मग ते धूसर कोणाचे येतात? शिकून झालेल्याचे?" हे लागलं त्यांना. ते आवाज चढवून म्हणाले, "गिऱ्हाईक विचारतं, फोटो कोण काढतंय? पोरगी म्हटलं की उठून चाललं! अर्धं म्हटलं की बसतं. धंदा करू का तुझी समजूत काढू?" मी म्हटलं, "उठून जातात तर जाऊ द्या!" "आणि खायचं काय? तुझा तोरा?" असं दोघांचं सुरू झालं. बाकावरचं गिऱ्हाईक एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होतं.

मी पाय आपटत मागे गेले. माय टबात हात घालून बसली होती. मी म्हटलं, "ऐकलंस? माझ्या कामाला अर्धा भाव लावलाय ह्यांनी!" मला वाटलं ती चिडेल, पदर खोचून बाहेर जाईल. तिने हात बाहेर काढले. औषधाने बोटांच्या पेरांची सालं निघाली होती, नखं तपकिरी झाली होती. म्हणाली, "तुला अर्धा तरी लावला, बाई. मी इतकी वर्षं धुऊ राहिली, मला कोणी काय लावलं?" आणि पुन्हा हात पाण्यात घातले. तिने फोटो धुतले नसते तर आमच्या स्टुडिओतला एकेक फोटो पिवळा पडला असता, आणि तिचं नाव कुठल्या भाषेत, कुठल्या भावात कोणी घेतलं नाही. हे तेव्हा मला दिसलं आणि माझा राग निम्मा होण्याऐवजी दुप्पट झाला.

तरीही मी काम सोडलं नव्हतं. ते सोडायला लावलं प्रकाशने. म्हणजे त्या बिचाऱ्याने काही केलं नाही, त्याचा जीव क्रिकेटमध्ये. आप्पांनीच त्याला कॅमेऱ्यापुढे उभं केलं, "शिक, उद्या तुलाच चालवायचंय" म्हणून. त्याने पहिल्याच दिवशी एका नवरा-बायकोचा फोटो काढला. नवऱ्याचं कपाळ वरून कापलेलं, बायकोचा एक खांदा बाहेर, आणि मध्ये बदकं मात्र सुरेख. आप्पांनी त्याचे पूर्ण पैसे घेतले. पूर्ण! मी विचारलं, "हा शिकू नाही राहिला का?" आप्पा म्हणाले, "तो मुलगा आहे. त्याचा भाव आज पाडला तर उद्या वर कसा न्यायचा?" ऐकलंत? त्याचा भाव पाडला तर वर नेता येणार नाही, आणि माझा पाडला तरी चालतो, कारण मला तर लग्न होऊन जायचंच होतं! मी कॅमेऱ्याचं झाकण लावलं आणि सांगितलं, एक भाव होईपर्यंत मी हात लावणार नाही. मागे जाऊन चक्क वाल सोलत बसले.

सुनेची गोष्ट इथेच सांगते, नाहीतर राहून जाईल. ती वापीला लग्नाचे फोटो काढते, चार माणसं हाताखाली आहेत, लाखाचा कॅमेरा गळ्यात. परवा एका कार्यात नवरीच्या मामाने तिला विचारलं, "मॅडम, सर कधी येणारेत?" ती हसली म्हणे. मी असते तर हसले नसते.

तर माझा संप सुरू झाला. आप्पा धूसर काढत होते, प्रकाश कपाळं कापत होता, आणि बाक रिकामा व्हायला लागला. रोज शिफ्ट सुटायची, बसगाड्या थांबायच्या, माणसं उतरायची आणि आमच्या दारावरून सरळ पुढे जायची. आप्पांचं जेवण कमी झालं. शेवटी एकदा ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बरं. एकच भाव." मला आनंद झाला. मग म्हणाले, "तू सगळं जुळव. दिवे लाव, माणूस बसव, काचेत बघ. फक्त बटण मी येऊन दाबतो. म्हणजे विचारलं तर सांगता येईल, मी काढला." म्हणजे भाव पूर्ण, पण फोटो माझा नाही! मी म्हटलं, "ही कुठली रीत?" माय मध्ये पडली. "घे आता. घर चालू दे." मी घेतलं. काय करणार, घर चालायला हवंच होतं. मी घाम गाळून सगळं जुळवायची, "आप्पा" म्हणून हाक मारायची, आप्पा पडदा सारून रुबाबात यायचे, "रेडी!" म्हणायचे, एक बोट लावायचे आणि निघून जायचे. त्या एका बोटाला पूर्ण भाव होता. आणि त्या बोटाला माणसाचे डोळे कधी मिटतात तेही दिसत नव्हतं. अर्धे लोक डोळे मिटलेले निघायचे. मग मी आप्पा गेल्यावर हळूच म्हणायची, "एक मिनिट, अजून एक," आणि दुसरा काढायची. गिऱ्हाइकाला जायचा तो हा दुसरा.

त्यातच पाटील आले. हे राखोलीला धाग्याच्या कंपनीत सुपरवायझर, आमच्याच तालुक्यातले, आप्पांचे जुने ओळखीचे. मुलगा घेऊन आले होते. त्याचा स्थळाला पाठवायचा फोटो हवा होता, मुलीकडचे मोठे लोक. पाटील बाहेर गल्ल्यापाशी थांबले. आत मी मुलाला कोट चढवला, पाठीमागून चिमटा लावून तो अंगावर बसता केला, मान वळवली, जुळवलं. आप्पा आले, "रेडी!" आणि बोट. मुलाने नेमकी तेव्हाच पापणी मिटली. आप्पा पडद्याबाहेर गेल्यावर मी दुसरा काढला. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात मी दोन्ही छापले. मुद्दाम छापले. कशासाठी ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. मायने दोन्ही धुतले, दोन्ही सुकवले, काही विचारलं नाही.

संध्याकाळी पाटील फोटो न्यायला आले तेव्हा बाकावर दोन-तीन गिऱ्हाइकं होती. आप्पांनी मी काढलेला फोटो पाकिटातून काढून त्यांच्या हातात दिला. पाटलांनी तो लांब धरला, जवळ धरला. "वा, आप्पा! हात म्हणजे हात आहे तुमचा. काय रुबाब आलाय पोराला! मागे आमच्या शेजाऱ्याला तुम्ही तो पोरीवाला फोटो दिला होता ना, म्हणून जरा धाकधूक होती. पोरीला हात नाही ना लावू दिला?" आणि आप्पा हसले. माझ्या देखत हसले आणि म्हणाले, "छे छे! मी स्वतः काढला."

मी आत गेले आणि दुसरी प्रत घेऊन आले. गल्ल्यावर पाटलांसमोर दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. म्हटलं, "पाटील आबा, हा आप्पांनी काढलेला. पूर्ण भावाचा. आणि तुमच्या हातात होता तो मी काढलेला. त्याला इथे अर्धा भाव असतो. कुठला नेता?" एका फोटोत मुलगा साहेबासारखा बघत होता आणि दुसऱ्यात त्याच कोटात बसल्या बसल्या झोपलेला दिसत होता. बाकावरचा एक जण खुदकन हसला. पाटलांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आप्पांनी मिटल्या डोळ्यांचा फोटो उचलून अगदी नाकाला लावला. मग मला हळूच विचारलं, "मिटलेत का गं खरंच?" मी म्हटलं, "हो." त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. क्षणभर मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी फोटो परत उचलले नाहीत. मनात ठरवून टाकलं होतं, आता ह्यांनी पुन्हा "मी काढला" म्हटलं तर कॅमेऱ्याला जन्मात हात लावायचा नाही, मग स्टुडिओ बंद पडला तरी बेहत्तर.

पाटलांनी माझाच फोटो घेतला. घेणार नाहीत तर काय, मुलीकडच्यांना झोपलेला नवरा दाखवणार? पूर्ण पैसे ठेवले, पाकीट खिशात घातलं, आणि आप्पांच्या जवळ तोंड नेऊन म्हणाले, "फक्त एक करा, आप्पा. हा पोरीने काढलाय हे कोणापाशी बोलू नका. मोठी माणसं आहेत ती, काय म्हणतील."

आणि आप्पा भडकले! ज्या माणसाने स्वतः एवढे दिवस मला बटणाआड लपवलं तो माणूस गल्ल्यावर हात आपटून उभा राहिला. "का बोलायचं नाही? माझी पोरगी काय चोरी करू राहिली का इथे? नेताना गोड लागतो ना फोटो?" पाटील "तसं नाही हो, तसं नाही" करत पायरी उतरले. मला त्यांना विचारायचं होतं, मग तुम्ही काय करत होता इतके दिवस? अजूनही विचारायचं आहे, पण आता ते कुठे आहेत उत्तर द्यायला. आपण केलं तेव्हा तो धंदा होता, दुसऱ्याने बोलून दाखवलं तेव्हा तो अपमान झाला. पुरुषांना ही गोष्ट दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकू का येते, मला कळलेलं नाही.

बाकावर पुढच्या नंबराला दुधनी गावची एक बाई होती, नवीनच नोकरीला लागलेली, गेटपासासाठी आलेली. मी तिला आत नेलं, बसवलं, दिवे लावले, काचेत जुळवलं आणि सवयीने हाक मारली, "आप्पा, बटण!" पडद्यापलीकडून आवाज आला, "तुझं तू दाब." मी दाबलं. ती बाई उठून बाहेर गेली, कनवटीची पुरचुंडी सोडून अर्धे पैसे गल्ल्यावर ठेवायला लागली. आप्पांनी पूर्ण मागितले. ती म्हणाली, "असं कसं, आप्पा? माझ्या बहिणीने अर्ध्यात नेला. पोरीवाला स्वस्त असतो ना?"

मी पडदा धरून उभी होते.

"होता," आप्पा म्हणाले.